डॉक्टरबाईंचे कान

डॉक्टरबाईंना कमी ऐकू येतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक तसं डॉक्टरबाईंनाही होतं, पण त्यांनी ते स्वतःच्या कानावर येऊ दिलं नव्हतं.

घरात विषय निघाला की त्या नवऱ्यावरच घसरत. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. निवृत्त झाला तरी सगळं गाव, आणि गावाचं ऐकून बाईसुद्धा, त्याला ‘सर’च म्हणत.

“अगं, एकदा कान दाखवून ये,” सर म्हणायचे.

“माझ्या कानांना काय धाड भरलीये? तुम्हीच तोंडातल्या तोंडात पुटपुटता. शाळेत पोरांना कसं कळायचं, देव जाणे.”

“पोरं बघून काढायची चित्रं. त्यांना ऐकावं लागायचं नाही.”

एवढ्यावर विषय संपायचा.

बाई या गावात आल्या तेव्हा तरण्याताठ्या होत्या. आधीचे डॉक्टर म्हातारे होऊन मुलाकडे निघून गेले होते आणि त्यांचा दवाखाना रिकामा पडला होता. दोन खोल्या, मध्ये पडदा, बाहेर बाकं. सुरुवातीला कोणी फिरकेना. एवढीशी पोरगी काय औषध देणार, असा एकूण सूर. मग एके दिवशी न्हावी घशात माशाचा काटा अडकवून धावत आला. दुसरा डॉक्टर जवळपास नव्हताच, म्हणून आला. बाईंनी त्याला उजेडाकडे तोंड करून बसवलं, “आ” करायला लावलं आणि चिमट्याने काटा अलगद काढून त्याच्या तळहातावर ठेवला. न्हाव्याच्या हाताखालून गावातलं प्रत्येक डोकं जात असे. महिन्याभरात बाकं भरली, ती पुढे कधी रिकामी झाली नाहीत.

बाईंचा हात चांगला होता, डोळा त्याहून चांगला. माणूस पडदा सारून आत येईपर्यंत त्यांचं निम्मं निदान झालेलं असे. म्हणूनच कान दगा देऊ लागले तरी काही वर्षं ते खपून गेलं. आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी अंगणातून ऐकू येईना. मग बायकांचे आणि मुलांचे आवाज विरळ झाले, जणू कोणी शब्दांच्या कडा खोडरबराने पुसल्या होत्या. पुरुषांचे जाड आवाज तेवढे बऱ्यापैकी यायचे. नळी कानात घालून छातीवर ठेवली की हृदयाचे ठोके लागायचे, पण फुप्फुसातली बारीक करकर लागायची नाही. बाई श्वासाचा वेग डोळ्यांनी मोजायच्या, पाठीवर बोटं वाजवून पाहायच्या, आणि शंका आली की छातीचा फोटो काढून आणायला सांगायच्या. अलीकडे त्या फोटो फार काढायला लावतात, हे दवाखान्यातल्या सिस्टरच्या लक्षात आलं होतं. पण सिस्टर बाईंच्याच हाताखाली तयार झालेली. ती कशाला बोलतेय?

पेशंट मात्र शहाणे. त्यांनी आपापसात ठरवल्यासारखा एक मार्ग काढला होता: ओरडून सांगायचं. त्यामुळे पडद्याआडचं सगळं दुखणं बाकांपर्यंत येऊ लागलं. पाववाल्याचं बद्धकोष्ठ असंच सार्वजनिक झालं. तो रस्त्याने जाताना लोक थांबवून आपुलकीने विचारायचे, “काय, झालं का आज?” कधीकधी तर बाकावरून आत सूचना जात. “अहो, पायांना मुंग्या येतात तेही सांगा! काल म्हणत होतात ना?” आतला माणूस म्हणायचा, “हां, आणि पायांना मुंग्या येतात!”

ज्यांना ओरडून सांगता येण्यासारखं होतं, त्यांचं असं निभत होतं.

थंडीच्या दिवसांतली ती एक सकाळ. खोकल्याची साथ होती आणि बाकं गच्च भरली होती. शिंप्याची सून आत आली. पहिलटकरीण, कडेवर तीनेक महिन्यांचं बाळ. सासू बाहेर बाकावर बसून शेजारणीला सुनेच्या बाळंतपणाची हकिगत रंगवून सांगत होती.

“बोल गं, काय होतंय?” बाई म्हणाल्या.

“झोप लागत नाही.” हे ती बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाली. मग मान खाली घालून आणखी काहीतरी बोलू लागली. चार-पाच वाक्यं असतील. बाई एरवी ओठांवरून अंदाज बांधायच्या, पण मुलीचं तोंड पार खाली होतं.

“काय म्हणालीस?”

मुलीने पडद्याकडे पाहिलं. मग तेच पुन्हा सांगितलं, आधीपेक्षाही हळू.

तिसऱ्यांदा विचारलं की माणूस ओशाळतो आणि “जाऊ दे, काही नाही” म्हणतो, हे बाईंना अनुभवाने ठाऊक होतं. अशा वेळी उपयोगी पडावं म्हणून त्यांनी एक हुकमी मान डोलावणं तयार ठेवलं होतं आणि त्याच्या जोडीला एक हुकमी वाक्य. त्यांनी मान डोलावली.

“होतं असं. पहिल्या खेपेला सगळ्यांनाच होतं. मनावर घेऊ नकोस.”

मुलीने झटकन वर पाहिलं. “सगळ्यांना?” हे मात्र बाईंना तिच्या ओठांवर स्वच्छ वाचता आलं.

“सगळ्यांना. टॉनिक लिहून देते, जेवण झाल्यावर घे.”

मुलगी चिठ्ठी घेऊन उठली. जाताना तिने पडदा बाळाच्या डोक्यावरून सावरला, बाहेर गेल्या गेल्या बाळ सासूच्या मांडीवर ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले. पडद्याच्या फटीतून बाईंनी ते पाहिलं.

पुढचा पेशंट आला, त्याच्या पुढचाही आला. बाई तपासत होत्या, लिहीत होत्या, पण मनात काहीतरी टोचत राहिलं. “होतं असं” म्हटलं की माणसाचे खांदे खाली येतात. आजवर हजारदा त्यांनी ते पाहिलं होतं. या मुलीचे खांदे खाली आले नव्हते. उलट तिचा चेहरा असा झाला होता, जसं कोणी दार उघडेल म्हणून आशेने उभं राहावं आणि आतून कडी लागल्याचा आवाज यावा.

शेवटचा पेशंट गेल्यावर त्यांनी सिस्टरला हाक मारली. “ती शिंप्याची सून काय म्हणाली गं सकाळी? तू मलमपट्टीच्या टेबलापाशी होतीस ना?”

सिस्टर कापसाचे बोळे डब्यात भरत होती. “मला नाही ऐकू आलं, बाई. फार हळू बोलत होती.” मग डबा बाजूला ठेवला आणि बाईंकडे तोंड करून म्हणाली, “तुम्हालाही नाही ना आलं?”

इतक्या वर्षांत हे कोणी त्यांना असं तोंडावर विचारलं नव्हतं. बाईंचे कान तापले. रागावण्यासाठी त्यांनी तोंड उघडलंसुद्धा. पण डोळ्यांपुढे ते पाठीमागे बांधलेले हात आले.

“नाही आलं,” त्या म्हणाल्या, आणि जेवायला घरी न जाता बॅग उचलून निघाल्या.

शिंप्याचं दुकान रस्त्यावर आणि घर त्याच्या मागे. पुढे बापलेक दोन मशिनींवर बसलेले, भिंतीला खडूच्या खुणा केलेले कपडे टांगलेले, टेबलावर कात्र्या, फूटपट्ट्या, चिंध्यांचा ढीग. बाईंना पाहताच दोन्ही मशिनी थांबल्या. सासू आतून हात पुसत आली.

“अगं बाई! तुम्ही स्वतः? काही वाईट निघालं का?”

“काही निघालं नाही. सकाळी गर्दीत तिला नीट तपासायचं राहून गेलं. मला तिच्याशी जरा एकटीशी बोलायचंय.”

“अहो, मग बोला की! मला विचारलंत तर नुसता थकवा आहे. इकडची काडी तिकडे करू देत नाही मी तिला, तरी तोंड बघा कसं उतरलंय.” सासूचा आवाज बाईंना अगदी व्यवस्थित ऐकू येत होता.

आतल्या खोलीत मुलगी पलंगाच्या कडेला बसली होती. बाळ पलीकडच्या भिंतीशी झोळीत झोपलेलं. खोलीत त्याच्यापासून जितकं दूर बसता येईल तितकी ती दूर होती. बाईंनी दार लोटून घेतलं आणि तिच्या शेजारी बसल्या.

“हे बघ,” त्या म्हणाल्या, “सकाळी तू जे सांगितलंस, ते मला ऐकू आलं नाही. एक अक्षर नाही. मला कमी ऐकू येतं.”

मुलीने मान वर केली. बाई तिच्या ओठांवरची नजर हलवत नव्हत्या. “पण तुम्ही तर म्हणालात, सगळ्यांना होतं.”

“ते मी न ऐकताच म्हणाले. चुकले मी. तुला कशाबद्दल म्हणाले तेसुद्धा मला माहीत नाही.”

मुलीचा चेहरा आक्रसला आणि ती रडायला लागली. बाईंनी तिला रडू दिलं. मग ती बोलू लागली, पण पुन्हा तोंड खाली, पुन्हा पुटपुटल्यासारखं. बाहेर मशिनी अजून सुरू झाल्या नव्हत्या. सगळं घर कानोसा घेत असणार, हे बाईंना बहिऱ्या कानांनीही कळत होतं. मोठ्याने बोल, असं या मुलीला सांगण्यात अर्थ नव्हता.

त्यांनी बॅगेतून तपासायची नळी काढली, स्वतःच्या कानांत घातली आणि तिची चकती मुलीच्या हातात दिली.

“यात बोल. कितीही हळू.”

रडता रडता मुलीला किंचित हसू आलं. लहान मुलांचा फोनफोनचा खेळ वाटला असेल तिला. मग तिने चकती ओठांजवळ धरली आणि बाईंच्या कानांत, अगदी आत, एक आवाज आला.

“मला याच्याजवळ एकटीला ठेवू नका.”

बाई हलल्या नाहीत. “सांग.”

“आंघोळ घालताना मनात येतं, हात सोडला तर? कडेवर घेऊन जिन्यावर उभी राहिले की येतं, टाकला तर? मला असलं काही करायचं नाही हो. पण येतं. दिवसभर येतं. या घरात जिथे बघावं तिथे कात्री. मी काल आतल्या सगळ्या कात्र्या कपाटावर फेकल्या. सासूबाई म्हणाल्या, वेंधळी आहेस.” ती श्वास घ्यायला थांबली. “सकाळी तुम्ही म्हणालात सगळ्यांना होतं. मला वाटलं, सगळ्या बायका हे सहन करतात, मीच तेवढी नालायक. मग मीच नसलेली बरी. याला दुसरी कोणीतरी आई मिळेल.”

बाईंनी तिचा मोकळा हात आपल्या हातात घेतला. पुढचे प्रश्न त्यांनी शांतपणे विचारले, विचारायलाच हवे होते म्हणून. कधीपासून? आवाज ऐकू येतात का, कोणी काही करायला सांगतंय असं? बाळाला कधी काही केलंस? स्वतःला काही करावं, म्हणजे नेमकं काय मनात आहे? मुलगी चकतीत एकेक उत्तर देत गेली. आवाज येत नव्हते. बाळाला तिने काही केलं नव्हतं. स्वतःचं मात्र तिने बरंच ठरवत आणलं होतं.

“आता माझं ऐक,” बाई म्हणाल्या. “हा आजार आहे. बाळंतपणानंतर काही जणींना होतो. याला औषध आहे आणि माणूस बरं होतं. हे विचार येऊन तू भ्यालीस, म्हणून कात्र्या लांब फेकल्यास. बाळाला जपण्यासाठीच केलंस ना ते?”

मुलीने चकतीत नुसतं “हो” म्हटलं.

“आज तुला एकटीला सोडायचं नाही. घरात सांगावं लागेल. किती सांगू?”

“सगळं सांगा. मला सांगवत नाही.”

सासूला बाईंनी स्वयंपाकघरात बसवून सांगितलं. ऐकताना आधी तिच्या कपाळावर आठ्या चढल्या. “आमच्या घरात तिला काय कमी आहे?” ती म्हणाली.

“काही कमी नाही. ताप येतो तेव्हा घरात कमी असतं म्हणून येतो का?”

सासूच्या आठ्या हळूहळू उतरल्या. मग ती म्हणाली, “बाळ रडलं की ती उठायचीच नाही. मला वाटायचं, आळशी आहे. शेजारपाजारी बोलूनसुद्धा दाखवलं मी.” डोळे पुसून ती उभी राहिली. “आता काय करायचं, तेवढं सांगा.”

मोठ्या गावातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांना लगेच फोन करायला हवा होता. बाई कित्येक दिवस फोन टाळत होत्या. फोनवर ना ओठ दिसत, ना चेहरा. दवाखान्यात परतून त्यांनी तो सिस्टरच्या हातात दिला. “मी सांगते तसं बोल, आणि ते काय म्हणतात ते मला माझ्याकडे बघून सांग.” सिस्टरने एक शब्द इकडचा तिकडे न करता सगळं पोचवलं. दिवस मावळायच्या आत शिंप्याच्या मुलाने गाडी मिळवली. तो पुढे बसला. मागे सासू, मांडीवर बाळ, मध्ये सून आणि तिच्या बाजूला डॉक्टरबाई. नवऱ्याला धड काही सुचत नव्हतं. सारखा मागे वळून बायकोला विचारत होता, “थंडी वाजतेय का?”

मुलीला काही दिवस तिथेच ठेवून घेतलं.

पुढच्या आठवड्यात बाई स्वतःचे कान घेऊन त्याच मोठ्या गावी गेल्या. सर सोबत होते. काचेच्या लहानशा खोलीत बसवून, कानांवर जाड हेडफोन लावून, तपासणाऱ्या मुलीने सांगितलं, “आवाज आला की बटण दाबायचं.” बाई आयुष्यभर पेशंटच्या थापा पकडत आल्या होत्या. आता स्वतः पेशंट झाल्या तशा त्याही थापा मारू लागल्या. अंदाजाने बटण दाबायचा सपाटाच त्यांनी लावला.

“मॅडम,” मुलगी दार उघडून हसत म्हणाली, “आत्ता मी काही वाजवलंच नव्हतं.”

बाहेर सर इतके हसले की बाईंना ते ऐकूसुद्धा आलं.

यंत्रं बसली आणि जग अंगावर आलं. कागद चुरचुरत होते, नळ फुसफुसत होता, स्वतःच्या चपला टाळ्या वाजवल्यासारख्या वाजत होत्या. पहिले दोन दिवस बाई वैतागून गेल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या न्हाणीघराच्या दाराशी उभ्या राहिल्या. आत सर दाढी करता करता गुणगुणत होते.

“अहो, हे तुम्ही पुन्हा कधीपासून सुरू केलंत?”

“बंद कधी केलं होतं?”

“मला वाटलं, सोडलंत. वय झालं, म्हणून.”

सरांनी साबण लागलेलं तोंड त्यांच्याकडे वळवलं. “मला वाटलं, तुला आवडेनासं झालं,” ते म्हणाले. बाई तिथेच दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चालू द्या.”

दवाखान्यात बाकांवरच्या मंडळींची मात्र पार निराशा झाली. पाववाला सवयीने बेंबीच्या देठापासून ओरडला, तेव्हा बाई दचकून म्हणाल्या, “हळू! कान फुटतील माझे.” पाववाल्याचा जीव भांड्यात पडला. पडदा काढून तिथे सुताराकडून दार बसवून घेतलं. आणि त्या दाराशी उभं राहून एका सकाळी बाईंनी भरल्या बाकांना सांगून टाकलं, “गेली दोन-तीन वर्षं मला नीट ऐकू येत नव्हतं. मी लपवलं. तुमच्यापैकी कोणाला मी कधी भलतंच उत्तर दिलं असेल, तर पुन्हा येऊन सांगा. या वेळी ऐकेन.”

मग पोस्टमन खाकरला. “बाई, मी दबक्या आवाजात सांगितलं होतं की माझा भाऊ वारला, त्या दिवसापासून छातीत धडधडतं. तुम्ही म्हणालात, छान, तेच चालू ठेवा.”

कोणाला हसावं की रडावं कळेना. पोस्टमनलाच आधी हसू आलं आणि मग हसता हसता त्याचे डोळे भरले. बाई त्याला हाताला धरून आत घेऊन गेल्या, दार लावलं आणि त्याच्या भावाबद्दल विचारत बसल्या. बाहेरच्यांनी त्या दिवशी घाई केली नाही. आणखीही काही जण आले. कोणाचं किरकोळ होतं, कोणाचं नव्हतं. एका म्हातारीच्या छातीतली गाठ वाढून बसली होती. ती तिने दोनदा सांगितली होती. तिचं पुढे ऑपरेशन झालं आणि ती वाचली, पण बाईंना कित्येक दिवस जेवण गोड लागलं नाही.

शिंप्याच्या सुनेचंही सगळं सरळ झालं असं नाही. पहिलं औषध मानवलं नाही, ते बदललं. मध्येच एकदा चांगली सुधारलेली ती पुन्हा ढासळली. सासू तिला सावलीसारखी धरून होती. आंघोळ बाळाची असो की सुनेची, दाराबाहेर स्टूल टाकून बसायची आणि वेळ जावा म्हणून मोठमोठ्याने गावगप्पा सांगायची. सुनेने नंतर बाईंना सांगितलं, “तो आवाज चालू असला की डोक्यातला बंद व्हायचा.” बाळ रांगू लागलं तेव्हा तिने ते पहिल्यांदा एकटीने न्हाऊ घातलं. सासू स्टुलावरून उठून मुद्दाम दुकानात जाऊन बसली होती आणि मशीनवरच्या नवऱ्याचा दंड घट्ट धरून होती. त्या दिवशी त्याची एक शिवण वाकडी गेली.

काही वर्षं गेली. बाईंच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर येऊ लागला होता, पण सकाळची वेळ बाईंचीच असे. अशाच एका सकाळी शिंप्याची सून आणि सासू दोघी आत आल्या. मुलगा आईचं बोट धरून होता, बाईंच्या टेबलावरचं सगळं उचलून बघत होता.

“पुन्हा दिवस राहिलेत,” सून म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण डोकं वर होतं.

सासू खुर्ची पुढे ओढून बसली. “या वेळेला पहिल्यापासून लक्ष ठेवायचं. औषध कधी सुरू करायचं, कुठल्या डॉक्टरांकडे कधी जायचं, सगळं आत्ताच सांगून टाका. आणि मी काय करायचं आणि काय बोलायचं नाही, तेही सांगा.”

“ते अवघड जाईल तुम्हाला,” बाई म्हणाल्या.

सून खळखळून हसली. बाईंनी मुलाच्या हातातून नळी सोडवून घेतली, दार नीट लागलंय ना ते बघून आल्या आणि म्हणाल्या, “चल, झोप टेबलावर. आधी तपासते.”